किल्ली देण्याआधी

आई, पोलीस लाइनीत वाढलेल्या आम्हा सगळ्या मुलांची एकच तक्रार होती, आणि ती मी तुझ्या तोंडावर पुष्कळदा बोलून दाखवली आहे. सण गावाचा असायचा आणि बंदोबस्त आमच्या घरचा. गावातल्या मुलांचे आईबाप दसऱ्याला घरी असायचे. आमचे मिरवणुकीच्या पुढं, हातात काठी, लोकांची मुलं गर्दीत चेंगरू नयेत म्हणून उभे. बाकीच्या खोल्यांत वडील नसायचे, आमच्या खोलीत आई नसायची, एवढाच काय तो फरक. बाबा शाळेतून आल्यावर चक्का टांगायचे, श्रीखंड घोटायचे, ताटं मांडायचे, आणि चौथ्या ताटावर पालथी ताटली झाकून ठेवायचे. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. मी सिंगापुरात बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. आज दसरा आहे. तक्रार मी अजून मागं घेतलेली नाही. पण या आठवड्यात आपल्या घरात एक गोष्ट घडली, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगितली तर अर्धीच कळेल.

तुझा धाकटा नाशिकहून आला होता. तुझ्या नातीची पासिंग आउट परेड शुक्रवारी होती. होय, तुझी नात पोलिसात गेली, इथल्या पोलिसात. मी तिला भरपूर समजावलं, तुझ्या पालथ्या ताटल्यांची गोष्ट सांगितली, वन-नॉर्थ भागातल्या मोठ्या कंपन्यांकडं बोट दाखवलं, एसी ऑफिसं दाखवली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इथल्यांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "मम्मा, यू टॉक व्हेरी वेल, पण मी फॉर्म ऑलरेडी भरला लाह." मी आयुष्यभर व्यासपीठं गाजवली, आई. या पोरीपुढं एकही भाषण चाललं नाही. तुझ्यापुढंही चालायचं नाही. धाकटा तुझी शिट्टी घेऊन आला होता, ती पितळी, जिच्या दोरीला तू दर रविवारी साबण लावायचीस. परेडनंतर मामानं भाचीला ती द्यायची असं ठरलं होतं. माझे यजमान जहाजावर, ते येऊ शकणार नव्हते, म्हणून घरचा पुरुष म्हणून मामाच. त्यानं नवा कोट शिवून घेतला होता आणि तो माझ्या कपाटात असा टांगला होता की माझी कपडे काढायची पंचाईत झाली होती.

मंगळवारी दुपारपासून बुधवारी दुपारपर्यंत पोरीला सुटी होती. तिचा लाडका साटेवाला, काडीवर भाजलेलं चिकन देणारा, बेडोकला आहे, म्हणून आम्ही तिघं एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो. खाण्याच्या ठेल्यांच्या त्या मोठ्या हॉकर सेंटरमध्ये दुपारची गर्दी होती, डोक्यावर पंखे गरगरत होते, आणि धाकटा खूश होता. तो सांगत होता नाशिकचं. नवी गाडी, रस्त्याचं कंत्राट, मागच्या वर्षी आलेल्या धमक्या, आणि त्या धमक्यांमुळं मिळालेला परवाना. रिव्हॉल्व्हर त्यानं घेतलंय हे मला माहीत होतं. मी सहज विचारलं, मग आता ते कुठं आहे, घरच्या कपाटात ना? तो साटेची काडी चाटत म्हणाला, "नाही गं. गाडीत." मुंबई विमानतळावर सोडायला ड्रायव्हर आला होता. वाटेत जवळ असावं म्हणून घेतलं, विमानात नेता येत नाही, मग भरलेलंच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं आणि गाडी ड्रायव्हरबरोबर परत पाठवली. ड्रायव्हर आज ती मिस्त्रीकडं सोडणार होता. दसऱ्यासाठी सर्व्हिसिंग, धुलाई, पॉलिश.

"आणि कप्पा?" मी विचारलं.

"लॉक आहे ताई. मी काय येडा आहे का?"

"त्या लॉकची किल्ली कुठली?"

त्यानं काडी ताटात ठेवली. "गाडीचीच."

"आणि गाडीची किल्ली कुणाकडं?"

तुझी नात इतका वेळ फोनमध्ये होती. तिनं मान वर केली. ती मामाकडं अशा नजरेनं बघत होती की मला क्षणभर तूच बसल्यासारखं वाटलं. म्हणाली, आमच्याकडं ड्यूटीला जाताना वेपन घ्यायचं, ड्यूटी संपली की परत द्यायचं, सही करायची, मग घरी. कारपार्कपर्यंतसुद्धा नेता येत नाही. धाकटा हसला. तुमचं सिंगापूर, म्हणाला, इथं च्युइंगगमलासुद्धा घाबरतात. आणि तो ताट तिथंच सोडून हात धुवायला उठला. पोरगी म्हणाली, "मामा, ट्रे." इथं खाल्लेला ट्रे आपला आपण उचलून ठेवायचा असतो, नाहीतर दंड. तो ट्रे ठेवून आला तेव्हा मी त्याला म्हटलं, उष्टी ताटली दुसऱ्यावर टाकायची नाही एवढा नियम इथं पाळलास, आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर मिस्त्रीच्या अंगावर टाकून आलास.

यावर तो काय म्हणाला, ते ऐक. रागानं नाही म्हणाला, अभिमानानं म्हणाला. "अगं, आपण कुणाची पोरं आहोत? आई बावीस वर्षं हत्यार वापरत होती, एकदा तरी विसरली का? तूच सांगतेस ना भाषणात. रक्तातच आहे ते आपल्या."

आई, मी चाळीस वर्षं बोलते आहे. गणेशोत्सवात बोलले, कॉलेजात बोलले, इथल्या मराठी मंडळींपुढं बोलले, आणि रोज सकाळी जहाजांच्या यार्डात दोनशे कामगारांपुढं हेल्मेट घालून बोलते. माझं बोलणं माझ्यावर असं उलटून कधी आलं नव्हतं. समोर माझा भाऊ बसला होता आणि माझ्याच तोंडचं खोटं मला पुरावा म्हणून दाखवत होता. मग मी त्याला खरं सांगितलं. तो तेव्हा सात वर्षांचा होता, त्याला फक्त एवढंच आठवत होतं की एका दसऱ्याला आई चहा तसाच टाकून गेली.

तू नवरात्राचे नऊही दिवस देवीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्तावर होतीस. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजन झालं. सगळ्या बंदुका, सगळी रिव्हॉल्व्हरं पुसून, तेल लावून पाटावर मांडली होती, प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडू. मी डबा द्यायला आले होते आणि दारातून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सुटलीस. डॉक्टरांकडून जुनी घेतलेली आपली फियाट ठाण्यासमोर उभी होती. दसऱ्याला गावातल्या सगळ्या गाड्या एस.टी. स्टँडजवळच्या गॅरेजात चाचा मिस्त्रींकडं जायच्या. चाचा त्या धुऊन, हार घालून, पूजा करून द्यायचे. पूजा त्यांच्या धर्माची नव्हती, पण गाड्या त्यांच्या हातच्या होत्या, म्हणून नारळ तेच फोडायचे आणि गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. तू गाडी चाचांकडं लावलीस, किल्ली दिलीस, चालत घरी आलीस. पाच मिनिटांची वाट. खाकी साडीतच स्वयंपाकघरात पाटावर बसलीस, बाबांनी चहा दिला, मी तुला वहीतलं चित्र दाखवत होते. तू चित्र बघतेस, हसतेस, आणि तुझा डावा हात सवयीनं कमरेला जातो.

ती जागा मोकळी आहे. पट्टा नाही, होल्स्टर नाही. मी तुझा चेहरा बघते आहे. आजही बघते आहे. तू ओरडली नाहीस. कप खाली ठेवलास, इतका हळू की आवाज झाला नाही, आणि उठून धावलीस. चप्पल न घालता. मी मागून. बाजारातून एक फौजदार बाई अनवाणी धावते आहे आणि झेंडूवाल्या बायका टोपल्या आवरून बाजूला होत आहेत. ठाण्यातून निघताना तू पट्टा काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होतास, पाच मिनिटांसाठी, आणि नऊ दिवसांची झोप राहिलेल्या माणसाला पाच मिनिटं पुरली.

गॅरेजात सोळा-सतरा गाड्या हारांनी सजून उभ्या होत्या, आणि माणूस एकही नव्हता. फक्त चाचा. आपल्या फियाटच्या दाराला पाठ लावून लोखंडी स्टुलावर बसलेले, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. तुला बघूनही ते दारापासून उठले नाहीत. फडकं शोधायला कप्पा उघडला आणि ते दिसलं, म्हणून त्यांनी कप्पा लावला, गाडीला कुलूप लावलं, कामगारांना चहाला हाकललं आणि तिथं बसून राहिले. "बाईसाहेब, मी हात नाही लावला," ते म्हणाले. "इथून हललो नाही. लघवीलासुद्धा गेलो नाही." मग श्वास घेऊन म्हणाले, "तुम्ही विसरलात. पण गेलं असतं ना, तर विसरलात म्हणून मला कुणी सोडलं नसतं."

मी अकरा वर्षांची होते आणि त्या एका वाक्यानं मला जे कळलं ते नंतर वाचलेल्या कपाटभर पुस्तकांनी कळलं नाही. इतिहास मी अधाशासारखा वाचला. तलवारींची वर्णनं पानोपानी आहेत. म्यानाबद्दल कुणी ओळ लिहीत नाही. पण ज्यानं पहिली तलवार घडवली त्यालाही म्यान घडवावंच लागलं असणार, कारण हत्यार हातात धरणं कुणालाही जमतं. ते हातात नसताना कुठं आहे हे ठाऊक असणं, ही खरी जबाबदारी. आणि भरलेलं हत्यार गाडीत ठेवून त्या गाडीची किल्ली दुसऱ्याला देणं हा नुसता विसराळूपणा नाही. आपलं ओझं, आपला धोका, आपला तुरुंग, न विचारता एका गरीब माणसाच्या डोक्यावर ठेवणं आहे ते. चोरीला गेलं तर पहिला आळ त्याच्यावर. कुणी खेळायला घेतलं तर पहिलं प्रेत त्याच्या गॅरेजात. आणि आपण घरी चहा पीत असतो. मी कुठल्याही व्यासपीठावर उभी राहून हे सांगेन, आणि समोर कितीही मोठा माणूस बसला असला तरी आवाज खाली आणणार नाही.

तू चाचांपुढं वाकलीस. खाकीतली बाई, कपाळावर कालचं कुंकू, तू त्यांच्यापुढं हात जोडलेस आणि म्हणालीस, "चाचा, चूक माझी. माफ करा." मग कप्पा उघडलास, नळी जमिनीकडं करून सहाही काडतुसं काढून पदराच्या टोकात बांधलीस, पट्टा बांधलास, आणि मला म्हणालीस, चल. मला वाटलं घरी. तू ठाण्यात गेलीस. मोठे साहेब खुर्चीत रेलून पेढा खात होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, मिळालं ना? कुणाला कळलंय? सणाचा दिवस आहे, घरी जा, पोरांत बस. तू ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून स्टेशन डायरी ओढून घेतलीस आणि उभ्यानंच लिहिलंस. मला तेव्हा मोठ्यांचं अक्षर नीट लागत नसे, तुझं लागलं. माझ्या निष्काळजीपणामुळे, असं सुरू होत होतं. चौकशी झाली. त्या वर्षी बढतीच्या यादीत तुझं नाव होतं, ते निघालं, आणि पुढं सहा वर्षं आलं नाही. तुझ्या हाताखाली शिकलेले तुझ्या पुढं गेले. त्या दिवशी घरी येऊन तू झाकून ठेवलेलं श्रीखंड खाल्लंस आणि त्या वर्षीपासून आपट्याची पहिली पानं चाचांच्या हातावर ठेवायला लागलीस. आधी चाचा, मग देव, मग आम्ही.

आणि नियम केलास. गाडी कुणाच्याही हाती द्यायची असली, मिस्त्री असो, ड्रायव्हर असो, शेजारी असो, तर हत्यार आधी घरच्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि मग तू आणि आमच्यापैकी एक मिळून गाडी बघायची. कप्पा, सीटखाली, दाराचे खिसे, डिकी. हात घालून, नुसतं डोकावून नाही. आणि आम्ही मोठ्यानं म्हणायचं, "रिकामी." ते म्हटल्याशिवाय किल्ली तुझ्या मुठीतून सुटायची नाही. धाकट्याला तो खेळ वाटायचा. तो डिकीत डोकं घालून ओरडायचा आणि आवाज घुमला की हसायचा.

तो शब्द मी इथं आणला, आई. यार्डात जहाजाच्या टाक्यांमध्ये माणसं वेल्डिंगला, रंगाला उतरतात. काम संपल्यावर टाकीचं झाकण बोल्ट मारून बंद करायचं असतं, आणि आत माणूस राहिला किंवा गॅसची नळी राहिली तर पुढं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. म्हणून मी नियम लावला. दोघांनी उतरायचं, कोपरा न् कोपरा हात लावून बघायचा, वर यायचं आणि मोठ्यानं सांगायचं. कुठल्या भाषेत, यावर वाद झाला. बांगला, तमिळ, चिनी, बर्मी. शेवटी म्हटलं, माझ्या आईच्या. आज बंगाली फोरमन झाकणापाशी उभा राहून "रिकामी" म्हणतो, तमिळ वेल्डर "रिकामी" म्हणतो, आणि तोपर्यंत बोल्ट कुणी उचलत नाही. बारा वर्षं झाली. माझ्या पाळीत एकही झाकण माणसावर बंद झालेलं नाही. मला याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

पण यार्डात मी गोष्ट कशी सांगायची, तेही ऐक. सोळाव्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत सांगितली होती तशीच. एक अधिकारी हत्यार गाडीत विसरला, आणि माझ्या आईनं, जी कधीच काही विसरली नाही, त्यापासून धडा घेतला. टाळ्यांचा कडकडाट, पहिला नंबर, चांदीचा पेला. तू मागच्या रांगेत उभी होतीस, ड्यूटीवरूनच आली होतीस. संध्याकाळी तू कणीक मळत होतीस आणि मी पेला पुसत होते. तू म्हणालीस, "भाषण छान झालं. खोटं होतं." मी म्हटलं, तुझ्याचसाठी केलं, तुझी लाज राखली. तू परात बाजूला सारलीस. "माझी लाज मी डायरीत लिहून ठेवलीय," म्हणालीस, "तिला तू का झाकतेस? लोक चुकणाऱ्या माणसाकडून शिकतात गं. न चुकणाऱ्याला नुसता नमस्कार करतात." त्यानंतर त्या विषयावर तू बोलली नाहीस. मीही गोष्ट बदलली नाही. नमस्कार गोड लागतो, आई.

त्याचं फळ बेडोकच्या त्या टेबलावर बसलं होतं. ज्यानं नुसता नमस्कार केला, तो. मी त्याला सगळं सांगितलं, अनवाणी पायांसकट, चाचांच्या वर वळलेल्या तळव्यांसकट. तो ऐकत राहिला. मध्येच एकदा म्हणाला, "म्हणजे आपण ते रिकामी रिकामी खेळायचो, ते यासाठी?" मी हो म्हटलं. तुझ्या नातीनं त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

त्यानं आधी ड्रायव्हरला लावला. गाडी तासाभरापूर्वीच मिस्त्रीकडं पोचली होती, धुलाईच्या रांगेत होती. नाशिकला साडेदहा वाजले होते. मी म्हटलं, ड्रायव्हरला काढायला सांगू नको, त्याच्या हाती परवाना नाही, तू त्याला दुसऱ्यांदा अडकवशील. धाकटा फोन हातात फिरवत होता. मला माहीत होतं तो काय विचार करतोय. बायकोला पाठवून गुपचूप कप्प्यातून काढून आणता आलं असतं, कुणाला कळलं नसतं, मोठ्या साहेबांनीही हेच सुचवलं असतं. परवाना राहिला असता. मी तोंडावर हात ठेवून बसले. आयुष्यात एवढं गप्प मी कधी बसले नाही. त्यानं त्याच्या हद्दीच्या पोलीस ठाण्याचा नंबर लावला.

पलीकडं कुणी तरी हसलं असावं, कारण धाकटा म्हणाला, "हो साहेब, सिंगापूरहूनच बोलतोय. नाही, प्यायलेलो नाही." मग त्यानं नाव सांगितलं, परवान्याचा नंबर सांगितला, गॅरेज कुठं आहे ते सांगितलं. बायको दुसरी किल्ली घेऊन येईल, तिच्याबरोबर शिपाई पाठवा, आणि हत्यार ठाण्यात जमा करून घ्या, म्हणाला. आणि मग, आई, तो उभा राहिला. हॉकर सेंटरच्या गर्दीत, ट्रे घेऊन जागा शोधणाऱ्या लोकांमध्ये, माझा भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "एक लिहून घ्या. मिस्त्रीला आणि ड्रायव्हरला यातलं काही माहीत नव्हतं. चूक माझी."

त्यानं तुझी डायरी कधी पाहिली नव्हती.

तासाभरानं त्याच्या बायकोचा फोन आला. जमा झालं होतं. मिस्त्रीनं कप्पा उघडलाही नव्हता, त्याच्या आधी चार गाड्या होत्या. ठाण्यातून निरोप होता, मालकानं लवकरात लवकर समक्ष यावं, परवान्याचं काय ते वर ठरेल. मी म्हटलं, परेड झाल्यावर शनिवारी जा, हत्यार तर सुरक्षित आहे. मीच म्हटलं हे, एवढा दंगा करून. माझं मन पातळ झालं होतं, तो नवा कोट कपाटात दिसत होता. तुझी नात म्हणाली, "मामा, यू गो." तो भाचीकडं बघून हसला आणि बुधवारी सकाळच्या विमानानं गेला. विमानतळावर त्यानं शिट्टी तिच्या हातात दिली आणि मराठीत म्हणाला, ही आजीची, तू वाजवलेली मी परेडला ऐकणार होतो, आता इथंच वाजव. तिनं तिथंच वाजवली. सुरक्षारक्षक धावत आला आणि तुझ्या नातीला त्याची माफी मागावी लागली.

शुक्रवारी परेड झाली. मी एकटी बसले होते आणि शेजारची खुर्ची कुणाला दिली नाही. तुझी नात तिसऱ्या रांगेत होती, डावीकडून पाचवी, हनुवटी तुझी. माझा फोन थरथरला. धाकटा होता, गॅरेजातून. जबाब देऊन आला होता, हत्यार ठाण्यातच होतं आणि परवाना राहील का जाईल ते त्याला कुणी सांगत नव्हतं. आता गाडी पुन्हा मिस्त्रीला द्यायची होती. मी कानाला फोन लावून बसले, समोर बँड वाजत होता, आणि पलीकडं माझा पन्नाशीच्या जवळ आलेला भाऊ एकेक झाकण उघडत होता. कप्पा. सीटखाली. दाराचे खिसे. मग डिकी उघडल्याचा आवाज आला, त्यानं आत डोकं घातलं असणार, कारण आवाज घुमला.

"रिकामी," तो म्हणाला. हसला नाही. मग मिस्त्रीला म्हणाला, "ही घ्या किल्ली, भाऊ."

काल सकाळी यार्डात, काम सुरू होण्याआधीच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये, मी दोनशे माणसांना खरी गोष्ट सांगितली. माझी आई विसरली, असं सांगितलं. टाळ्या झाल्या नाहीत. बंगाली फोरमननं फक्त विचारलं, मिस्त्रीचं पुढं काय झालं, आणि मी म्हटलं, तो म्हातारा होईपर्यंत दर दसऱ्याला पहिलं सोनं त्याला मिळालं. आज मीही फ्लॅटखालच्या झाडाची पानं आणली आहेत. आपट्याच्याच जातीचं आहे, फुलं मात्र जांभळी. इथं झाडाचं पान तोडायचं नसतं, म्हणून खाली पडलेली वेचली. हे पत्रही त्या पानांखाली ठेवीन, पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं वाक्य लिहिल्यावर मी ते पेटीत टाकलं नसतं.

भावालाही मी हे सांगितलेलं नाही. तू पट्टा गाडीत का काढलास, हे डायरीत नाही, चौकशीच्या कागदांत नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात मी रडून तुझ्याकडून वचन घेतलं होतं की दसऱ्याला तरी हत्यार लावून घरात येऊ नको, तो पट्टा दारात माझ्या नजरेला पडता कामा नये. तू वचन पाळलंस. सहा वर्षांची बढती गेली, तरी तू "पोरीनं सांगितलं होतं" हे तीन शब्द कुठं लिहिले नाहीस.

म्हणून आज, पोलीस लाइनीतल्या पोरांनो, वर्दीतल्या आयांच्या सगळ्या मुलांनो, तुम्हालाच सांगते. सणाच्या दिवशी आई दारात उभी राहील. तिच्या गळ्यात पडण्याआधी, चित्र दाखवण्याआधी, तक्रार करण्याआधी तिला एवढंच विचारा: हत्यार जमा केलंस का?